इन्सुलिनचे एक युनिट म्हणजे नक्की किती? एका बोक्याच्या निमित्ताने थोडा इतिहास



गेल्या पावसाळ्यात माझ्या एक जुन्या पेशंट तपासणीला आल्या. निवृत्त शिक्षिका, वय सत्तरीच्या पुढे. आमच्या भागात सगळे त्यांना ‘बाई’ म्हणतात, मीही म्हणतो. बाई गेली बारा वर्षे मधुमेहासाठी इन्सुलिन घेत आहेत आणि साखरेची वही शाळेच्या हजेरीपटासारखी चोख ठेवतात. त्या दिवशी मात्र पिशवीतून दोन वह्या निघाल्या. एक त्यांची, दुसरी मन्याची. मन्या म्हणजे त्यांचा गलेलठ्ठ बोका. त्यालाही मधुमेह निघाला होता आणि पशुवैद्यांनी ग्लार्जिन इन्सुलिन सुरू केले होते. सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट.

“सहज दाखवते हं डॉक्टर, तुम्ही काही मांजरांचे डॉक्टर नाही,” असे म्हणत त्यांनी वही पुढे केली. पहिले दोन आठवडे आकडे हळूहळू उतरत होते. शेवटच्या तीन दिवसांत मात्र ते एकदम घसरले होते. आदल्या संध्याकाळपुढे लिहिले होते, ‘चालताना झोकांड्या. मध चाटवला. अर्ध्या तासाने बरा.’

“डोस वाढवलात का?” मी विचारले.

“छे! एकच युनिट देते. त्याच्या सिरिंजा संपल्या, म्हणून माझ्यातल्या वापरतेय. सगळ्या सारख्याच की.”

सारख्या नसतात. मन्याच्या इन्सुलिनच्या बाटलीवर १०० लिहिले होते आणि बाईंच्या सिरिंजवर ४०. बाई रेघ बघून एक युनिट भरत होत्या, पण मन्याच्या अंगात अडीच युनिटे जात होती. मी तिथूनच त्यांच्या पशुवैद्यांना फोन लावून दिला.

मी माणसांचा डॉक्टर आहे. मांजराचा डोस पशुवैद्यांनीच ठरवायचा, त्यात मी पडत नाही. पण बाईंकडून झाली ती चूक मला नवी नव्हती. काही वर्षांपूर्वी माझ्या एका पेशंटची साखर महिनाभर उतरेना. मी दोनदा डोस वाढवला. तिसऱ्या वेळी सिरिंज दाखवा म्हटले, तर भाच्याने परदेशातून आणून दिलेला डबा निघाला. बाटली ४० ची, सिरिंज १०० ची. ते गृहस्थ २० युनिटे समजून प्रत्यक्षात ८ घेत होते. मी वाढवून दिलेला डोस त्यांनी कधी आपल्याकडच्या सिरिंजने घेतला असता, तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. मी डोस विचारला होता, पण सिरिंज विचारली नव्हती.

एकाच ‘युनिट’चे दोन अर्थ कसे झाले, आणि साखर मोजण्याचे काम प्रयोगशाळेतून आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत कसे आले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

साखर दिसायची कशी?

लघवीकडे मुंग्या धावतात, ही मधुमेहाची खूण आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. ‘मधुमेह’ हे नावही त्यांचेच. १७७६ मध्ये लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी रुग्णाची लघवी आटवून मागे उरणारी साखर दाखवली. रक्तातला द्रवही गोडसर लागतो, हेही त्यांनी नोंदवले. १८८९ मध्ये ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. रोगाचे मूळ कोणत्या अवयवात शोधायचे, हे तेव्हा कळले.

तरीही रोजच्या रोज साखर बघायची सोय नव्हती. ती दिली अमेरिकेतल्या स्टॅन्ली बेनेडिक्ट यांच्या निळ्या द्रावणाने, १९०८ च्या सुमारास. तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या कित्येकांनी घरात हे पाहिले असेल. परीक्षानळीत ५ मिली निळे द्रावण घ्यायचे, त्यात लघवीचे ८ थेंब टाकायचे, स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचे आणि रंग बघायचा. निळा राहिला तर साखर नाही. मग हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी.

या तपासणीत एक मोठी उणीव होती. माणसाच्या रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही. मांजरात ही पातळी त्याहूनही वर असते. म्हणजे द्रावण निळे राहिले, तर रक्तातली साखर १२० आहे की ४०, हे कळायला मार्ग नाही. इन्सुलिन नव्हते तोवर हे चालून गेले. पण साखर खाली खेचणारे औषध हाती आल्यावर ‘किती खाली गेली’ हा प्रश्न जिवाचा झाला.

एक युनिट आले सशावरून

ते औषध आले टोरांटोहून. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर काम सुरू केले. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. एकूण १५ मिली, दोन्ही कुल्ल्यांत निम्मे निम्मे. साखर थोडीच उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला. तो २३ जानेवारीपासून दिला, तेव्हा मुलगा सावरू लागला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पहिला डोस मिलीमध्ये होता, युनिटमध्ये नव्हता. एका दिवशीचा अर्क जोरदार, तर दुसऱ्या दिवशीचा पाण्यासारखा. मिली तेवढेच भरले, तरी परिणाम वेगळा. मग माप कशाने करायचे? उत्तर सापडले सशात. २४ तास उपाशी ठेवलेल्या २ किलोच्या सशाची साखर ४५ पर्यंत, म्हणजे आकडी येईल इतकी, खाली आणायला लागेल तेवढे इन्सुलिन म्हणजे एक युनिट. रुग्णांसाठी हे माप फार मोठे ठरले, म्हणून १९२३ मध्ये त्याचा एक तृतीयांश भाग ‘युनिट’ म्हणून धरला गेला.

म्हणजे इन्सुलिनचे युनिट हे मुळात वजनाचे माप नव्हते आणि चमच्यासारखे आकारमानाचेही नव्हते. इन्सुलिन किती काम करते, त्याचे ते माप होते. ते काम किती पाण्यात विरघळवून बाटलीत भरायचे, हा वेगळा प्रश्न. सुरुवातीला १ मिलीमध्ये १० किंवा २० युनिटे असत. शुद्धता वाढली तशा ४० आणि ८० च्या बाटल्या आल्या. सिरिंजवर दोन-दोन मोजपट्ट्या असत आणि चुकीची पट्टी वाचून लोक दुप्पट किंवा निम्मे इन्सुलिन घेत. हा गोंधळ संपवायला अमेरिकेने १९७० च्या दशकात १ मिलीमध्ये १०० युनिटे ही एकच ताकद स्वीकारायला सुरुवात केली. ब्रिटनने १९८३ मध्ये तेच केले.

आपल्याकडे मात्र ४० च्या बाटल्या आजही सर्रास मिळतात. पेनमधले इन्सुलिन बहुधा १०० चे असते. ग्लार्जिनसारख्या काही इन्सुलिनच्या बाटल्याही १०० च्या असतात. म्हणून एकाच दुकानात, कधी एकाच फ्रीजमध्ये, दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसलेले असतात. ओळखायला सिरिंजच्या टोपणाचा रंग ठेवला आहे. लाल म्हणजे ४०, नारिंगी म्हणजे १००.

माणसांनी सोडले, मांजरांनी राखले

आता एक उलटी गंमत सांगतो. अमेरिकेत माणसांसाठी इतिहासजमा झालेली ४० ची लाल टोपणाची सिरिंज तिथे आजही विकली जाते, ती कुत्र्या-मांजरांसाठी.

१९३६ मध्ये इन्सुलिनला प्रोटामाइन आणि जस्त जोडून त्याचा परिणाम लांबवण्यात आला. हे ‘प्रोटामाइन झिंक इन्सुलिन’ माणसांसाठी बरीच वर्षे वापरात होते. पुढे सोयीची इन्सुलिने आली आणि माणसांच्या औषधांतून ते मागे पडले. मांजरांत मात्र इन्सुलिनचा परिणाम माणसापेक्षा लवकर ओसरतो. माणसाला दिवसभर पुरणारे इन्सुलिन मांजराला सहसा दिवसातून दोनदा द्यावे लागते. त्यामुळे हे जुने, लांब चालणारे इन्सुलिन त्यांना मानवले.

शिवाय तेव्हा इन्सुलिन गाई-बैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत गाईच्या इन्सुलिनची पूर्ण रचना उलगडली. पुढे इतर प्राण्यांशी तुलना झाली तेव्हा दिसले, की मांजराच्या आणि गाईच्या इन्सुलिनमध्ये फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन बाजारात आले आणि प्राण्यांपासून काढलेली इन्सुलिने हळूहळू संपत गेली. माणसांसाठी ही चांगली बातमी होती. मांजर पाळणाऱ्यांना मात्र त्यांचे ठरलेले औषध मिळेनासे होऊ लागले. अखेर २००९ मध्ये अमेरिकेत मानवी इन्सुलिनपासून बनवलेले प्रोटामाइन झिंक इन्सुलिन खास मांजरांसाठी मंजूर झाले, तेही ४० च्या ताकदीचे. दुसरीकडे माणसांसाठी बनलेले १०० चे ग्लार्जिनही मांजरांना लागू पडते, हे दिसून आले.

म्हणजे बघा, अमेरिकेतल्या एखाद्या घरात आजीची सिरिंज नारिंगी आणि मांजराची लाल असू शकते. आमच्या बाईंच्या घरी बाईंची लाल आणि मन्याची नारिंगी. रंग उलटे, पण अदलाबदल झाली की धोका तोच.

घाबरलेल्या मांजराची साखर

डोस बरोबर भरला, आता तो पुरेसा आहे का हे बघायला साखर मोजायची. पण कुठे आणि कधी?

हार्वर्डचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९११ मध्ये मांजरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरोगी मांजराला बांधून ठेवले आणि ते घाबरले, तर थोड्याच वेळात त्याच्या लघवीत साखर उतरे. पिंजऱ्यातल्या मांजरावर कुत्रा भुंकला, तरी तेच. भीतीने अॅड्रिनलिन सुटते, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते आणि शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होते. कॅनन यांनी हे माणसांतही पाहिले. १९१३ च्या मोसमातल्या चुरशीच्या शेवटच्या सामन्यानंतर हार्वर्डच्या फुटबॉल चमूतल्या २५ जणांची लघवी तपासली, तर १२ जणांत साखर होती. त्या १२ पैकी ५ जण तर राखीव खेळाडू होते, मैदानात उतरलेच नव्हते.

मांजरांत हा परिणाम फार जोरदार असतो. पिशवीत घालून, रिक्षातून, कुत्र्यांच्या भुंकण्यातून दवाखान्यात आणलेल्या निरोगी मांजराची साखरही ३०० च्या वर जाऊ शकते. त्या एका आकड्यावर मधुमेहाचे निदान केले किंवा डोस वाढवला, तर घरी शांत झाल्यावर तेच मांजर साखर उतरून कोसळू शकते. म्हणून पशुवैद्य फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी करतात. ती साधारण मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते आणि घाबरल्याने बदलत नाही. माणसांत तीन महिन्यांची एचबीए१सी करतो, तसाच हा प्रकार.

पण सरासरीवरून आज संध्याकाळचा डोस ठरत नाही. त्यासाठी घरीच मोजायला हवे.

मोजणे घरी आले

रक्तातली साखर दाखवणारी पट्टी १९६५ मध्ये आली आणि तिचा रंग वाचणारे यंत्र १९७० मध्ये. यंत्र चांगलेच जड आणि महाग, आणि ते डॉक्टरांसाठीच होते. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरना बाराव्या वर्षापासून मधुमेह होता. त्यांनी ते यंत्र डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर मिळवले आणि ते दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागले. स्वतःच्या नोंदींवरून त्यांनी डोस आणि जेवण दोन्ही बसवले. पण इंजिनिअरचे म्हणणे वैद्यकीय नियतकालिके छापेनात. तेव्हा हे गृहस्थ पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले आणि डॉक्टर होऊन बाहेर पडले. दरम्यान १९७८ मध्ये लंडन आणि नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले होते, की साधे रुग्णही घरी नीट मोजू शकतात.

मांजरांपर्यंत हे यायला आणखी वीसेक वर्षे लागली. झुरिकच्या पशुवैद्यांनी २००० च्या सुमारास दाखवले, की कानाच्या कडेला बारीक टोचून मिळणारा रक्ताचा थेंब ग्लुकोमीटरला पुरतो. कान आधी बोटांनी चोळून ऊबदार करायचा, टोचायचे आणि मग आवडीचा खाऊ द्यायचा. बहुतेक मांजरे काही दिवसांत सरावतात.

एक अडचण मात्र आहे. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. माणसाच्या रक्तात साखरेचा साधारण ५८ टक्के भाग प्लाझ्मात असतो आणि उरलेला पेशींत. मांजरात प्लाझ्मातला वाटा सुमारे ९३ टक्के असतो. माणसाच्या हिशेबावर बेतलेले यंत्र म्हणून चुकते. प्राण्यांसाठी वेगळे ग्लुकोमीटर मिळतात. ते नसेल, तर कोणते यंत्र वापरता हे पशुवैद्यांना सांगा आणि दर वेळी तेच वापरा. मध्येच यंत्र बदलले, तर जुन्या-नव्या आकड्यांची तुलनाच होत नाही.

वहीने काय बदलले?

मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप २ सारखा असतो. वाढलेले वजन, बैठे आयुष्य, कधी स्टिरॉइडची औषधे. त्यामुळे साखर लवकर आणि नीट ताब्यात आली, तर काही मांजरांचे स्वादुपिंड पुन्हा उभारी धरते आणि इन्सुलिन बंदही होते. २००९ मध्ये कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे मालक घरी साखर मोजत, ग्लार्जिन देत आणि कमी कर्बोदकांचा आहार ठेवत. ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत असे काटेकोर उपचार सुरू झालेल्यांमध्ये तर ८४ टक्के.

हे ऐकायला छान वाटते, पण यातच धोकाही आहे. स्वादुपिंड सुधारू लागले, की कालचा योग्य डोस आज जास्त होतो. मांजर ‘मला चक्कर येतेय’ असे सांगू शकत नाही. ते सांगते फक्त वही.

या व्यवहारात मांजरांनीही आपल्याला काही दिले आहे. टाइप २ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिनच्या पेशींजवळ साचणारा चिवट पदार्थ नेमका कशाचा बनतो, हे १९८७ मध्ये उलगडले, ते माणसाच्या एका गाठीतून आणि मधुमेही मांजरांच्या स्वादुपिंडातून. उंदरांत हा पदार्थ असा साचत नाही, मांजरांत साचतो. त्यातून ओळख झालेल्या अमायलिन या संप्रेरकावर बेतलेले औषध २००५ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झाले.

एवढे लक्षात ठेवा

१. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. ४० ला ४०, १०० ला १००. हे माणसालाही लागू आणि मांजरालाही.

२. सिरिंजा संपल्या तर घरातली दुसरी वापरू नका. पशुवैद्यांना फोन करा. मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करून डोस भरू नका.

३. मांजराने खाल्ले नाही, उलटी केली किंवा ते मलूल दिसले, तर नेहमीचा डोस देण्याआधी पशुवैद्यांना विचारा. इंजेक्शन नीट गेले की नाही अशी शंका आली, तर दुसरे देऊ नका. एक डोस चुकल्याने सहसा मोठे नुकसान होत नाही, पण दुप्पट डोस जिवावर बेतू शकतो.

४. झोकांड्या, अशक्तपणा, टक लावून बघणे, अंग थरथरणे किंवा आकडी ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. मांजर खात असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळा आणि तडक पशुवैद्यांकडे न्या. आकडी चालू असताना तोंडात काही ओतू नका.

५. मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालणे, खूप पाणी पिणे, भरपूर लघवी होणे, खाऊनही वजन घटणे ही मांजरातल्या मधुमेहाची लक्षणे असू शकतात. तपासून घ्या.

६. वहीत फक्त साखर लिहू नका. वेळ, डोस, खाणे आणि वागणे हेही लिहा.

७. स्वतःच्या तपासणीला येताना इन्सुलिनची बाटली आणि एक सिरिंज बरोबर आणा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी दाखवा.

पशुवैद्यांनी मन्याचे इन्सुलिन थोडा वेळ थांबवले आणि मग नारिंगी टोपणाच्या सिरिंजने पुन्हा सुरू केले. तो आता ठीक आहे. पूर्वीपेक्षा बारीक झालाय, असे बाई जरा नाराजीनेच सांगतात. त्यांच्या फ्रीजमध्ये आता दोन डबे आहेत आणि दोन्हींवर फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात लिहिले आहे: ‘मी – लाल’, ‘मन्या – नारिंगी’.

मीही माझ्या टेबलावरच्या केसपेपरवर डोसच्या शेजारी एक रिकामी चौकट वाढवून घेतली आहे. तिच्यात सिरिंजच्या टोपणाचा रंग लिहायचा. तुमच्या घरी कोणीही इन्सुलिन घेत असेल, दोन पायांचे किंवा चार पायांचे, तर आज फ्रीज उघडाल तेव्हा बाटलीवरचा आकडा एकदा वाचा आणि सिरिंजवरचाही.